एकदा साडी नेलेली बाई परत कशी येईल?

बेळगावातल्या वडगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात माग आहेत. स्वतः विणलेल्या साड्या, त्यांच्या जोडीला बाहेरून आणलेल्या इरकल आणि खण, असा त्यांचा धंदा आहे. तीन वर्षांपासून त्या इन्स्टाग्रामवर विकतात. फॉलोअर सहा हजारांवर गेलेत, व्हॉट्सॲपमध्ये अकराशे नंबर साठलेत आणि दर महिन्याला जाहिरातीवर आठ हजार रुपये जातात. गिऱ्हाईक येतं, एक साडी घेतं आणि पुन्हा दिसत नाही. त्यांनी विचारलंय : गिऱ्हाइकांशी नातं टिकवायला एखादं सीआरएम, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर घेऊ, की जाहिरातीचे पैसे वाढवू?

ताई, आज तरी दोन्ही नको. का नको ते सांगते, आणि त्याऐवजी काय करायचं तेही. थोडं लांबेल, कारण प्रश्न फक्त तुमचा नाही. शहापूर, वडगाव, खासबागच्या निम्म्या घरांचा तो आहे.

लग्न होऊन मी शहापुरात आले तेव्हा दुकानात सासूबाई बसायच्या. त्यांच्याकडे उधारीची एक लांबट लाल वही होती. त्यात नुसते आकडे नसायचे. ‘हलकर्णीची मास्तरीण, नऊवारी, जांभळा नको.’ ‘बैलहोंगलची अक्का, लेक पंचमीला येणार.’ ‘मडगावची बाई, चवथीआधी.’ असं त्या चार-पाच शब्दांत टिपून ठेवायच्या. बाई वर्षानं आली तरी सासूबाई पहिल्यांदा विचारायच्या, ‘लेकीला रंग आवडला का?’ आणि मग गठ्ठा सोडायच्या. त्या बाईचं पाऊल दुसऱ्या दुकानाकडे वळायचं नाही.

पुढे फोनवरून पैसे यायला लागले, उधारी संपली. आम्हाला बरं वाटलं, कारण वसुलीची कटकट गेली. पण उधारीबरोबर नाव लिहिण्याचं कारणही गेलं, हे कळायला मला दोन-तीन वर्षं लागली. पैसे लगेच मिळतात, साडी पार्सल होते, विषय संपतो. कुणाला विकलं, कशासाठी विकलं, हे कुठंच उरत नाही. तुमचं नेमकं हेच झालंय. तुमच्याकडे अकराशे नंबर आहेत, पण वही नाही. गिऱ्हाइकाला तुम्ही लक्षात आहात की नाही हा प्रश्न नंतरचा. तुमच्या लक्षात गिऱ्हाईक आहे का, हा पहिला.

म्हणून पहिलं काम वही पुन्हा मांडण्याचं. कागदावर मांडा किंवा फोनमधल्या गूगल शीटवर, फरक पडत नाही. रकाने कमी ठेवा, नाहीतर भरणं बंद पडतं. नाव लिहा, पण त्या ज्या नावानं स्वतःची ओळख सांगतात ते. गाव लिहा. कुठल्या भाषेत बोलतात आणि कुठल्या भाषेत वाचतात, हे वेगवेगळं लिहा, त्याचं कारण पुढे येईल. काय घेतलं, कधी घेतलं, केवढ्याचं. तुमच्यापर्यंत कशा आल्या : जाहिरात बघून, कुणी सांगितलं म्हणून, की बाजारात आल्या होत्या म्हणून. आणि शेवटचे दोन रकाने, ज्यांच्यावर माझा सगळा भर आहे : ‘कोणासाठी’ आणि ‘पुढचं कारण’.

आपल्या भागात साडी फार वेळा स्वतःसाठी घेतली जात नाही. लेकीला पंचमीला द्यायची असते, विहिणीचा मान असतो, वास्तुशांतीला कुणाची ओटी भरायची असते, यल्लम्माला न्यायची असते. टिळकवाडीतली नोकरी करणारी बाई शाळेत नेसायला सुती साडी घेते, आणि खानापूर तालुक्यातली बाई दिराच्या लग्नाला मानपानाच्या बारा साड्या घेते. दोघींना तुम्ही ‘नवीन स्टॉक आलाय’ हा एकच निरोप पाठवता. पहिलीला दर उन्हाळ्याआधी एक हलकी साडी हवी असते. दुसरीला तुमची गरज तीन वर्षांनी, घरातल्या पुढच्या लग्नाला लागेल. पण तोवर बारसं असेल, डोहाळजेवण असेल. ‘कोणासाठी’ हे लिहिलंत की ‘पुढचं कारण’ आपोआप सुचतं. ज्या बाईनं लेकीच्या पहिल्या पंचमीसाठी साडी नेली, तिला पुढच्या श्रावणाआधी पंधरा दिवस आठवण करणं ही जाहिरात नसते. ते तिचंच काम तुम्ही हलकं केलेलं असतं.

विचारायचं कसं, असं तुम्हाला वाटेल. चौकशी केल्यासारखं विचारू नका. ‘कुणासाठी बघताय? वय काय, रंग कसा, म्हणजे त्याप्रमाणे दाखवते,’ एवढं बास. बाई आपण होऊन सगळं सांगते. आपलं काम फक्त फोन ठेवल्यावर दोन मिनिटं काढून लिहिण्याचं. मी हे काम दिवसाच्या शेवटावर टाकत नाही, कारण संध्याकाळपर्यंत अर्धं विसरलेलं असतं.

आता जुने अकराशे नंबर. त्यांचे तीन ढीग करा. गेल्या सहा महिन्यांत घेतलेले, त्याआधी कधीतरी घेतलेले, आणि नुसता भाव विचारून गेलेले. मोठ्या कंपन्या हेच काम आरएफएम नावानं करतात : शेवटची खरेदी किती दिवसांपूर्वीची, किती वेळा घेतलं, एकूण किती रुपयांचं. तुमच्या धंद्याला बँकेचं किंवा यूपीआयचं स्टेटमेंट आणि व्हॉट्सॲपची जुनी बोलणी समोर ठेवून दोन रविवार बसलात तरी पुरेल. नुसता भाव विचारून गेलेल्यांवर सध्या वेळ घालवू नका. मधला ढीग सगळ्यात मोलाचा. त्या बायकांनी तुमच्यावर एकदा विश्वास टाकलाय आणि तुम्ही त्यांना नंतर विचारलंच नाही.

जाहिरात वाढवू नका म्हणाले, त्याचा हिशेब असा. आकडे मी मनानं घेते, तुम्ही तुमचे घाला. आठ हजारांच्या जाहिरातीतून महिन्याला वीस नव्या बायकांनी साडी घेतली, तर एकीला आणायला चारशे रुपये पडले. साडीमागे तुम्हाला साडेतीनशे सुटत असतील, तर पहिल्या साडीत पन्नासचा तोटा आहे. तीच बाई वर्षात आणखी दोनदा आली तर ती विक्री जवळजवळ बिनखर्चाची, आणि मग त्या चारशेचं चीज होतं. म्हणजे जाहिरात वाईट नाही. पण दुसरी खरेदी होत नसताना जाहिरात वाढवणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणं. मी तुमच्या जागी असते तर तीन महिने आठचे तीन हजार केले असते आणि उरलेले पैसे पार्सल, बदलून देणं आणि फोनवर बसणाऱ्या माणसावर घातले असते.

भाषेचं आता सांगते. बाहेरच्या शहरातून आलेला कुठलाही सल्लागार हे सांगणार नाही, कारण त्याला ते दिसतच नाही. आपल्याकडे बोलता येणं आणि वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोकाककडची बाई माझ्याशी छान मराठी बोलते, पण वाचते फक्त कन्नड. बेळगावातल्या मराठी घरातली मुलगी इंग्रजी माध्यमात शिकलेली असते, तिला देवनागरीचा लांब निरोप वाचायला जड जातो. गोव्याची बाई कोकणी बोलते, मराठी वाचते. आणि पन्नाशीपुढच्या कितीतरी बायका कुठल्याच लिपीतलं फोनवर वाचायला कंटाळतात. म्हणून रकाने दोन. वाचत नाहीत त्यांना आवाजाचा निरोप पाठवा, तीस सेकंदांच्या आत, त्यांच्या बोलीत. ‘अक्का, हेंगदीरी?’ म्हणजे ‘ताई, कशा आहात?’, एवढं कन्नड तुमच्या तोंडून आलं की पुढचं मराठीत चालतं. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के जागा कन्नडला द्यायची, हा कायदा आहे आणि तो पाळायचा. पण गिऱ्हाइकाच्या फोनवर जाणारा निरोप कुठल्या भाषेत असावा हे गिऱ्हाईक ठरवतं. ज्या भाषेत तिनं पहिला निरोप पाठवला, त्याच भाषेत उत्तर द्या. सीमाभागात भाषा ही दुखरी जागा आहे. दोन्ही बाजूंच्या माणसाला आपल्या भाषेत उत्तर मिळालं की काय वाटतं, हे मी काउंटरवर वीस वर्षं बघितलंय.

भाषेइतकंच पंचांग. आपली गिऱ्हाइकं तीन राज्यांत पसरलेली आहेत आणि प्रत्येकाचा मोसम निराळा आहे. पंचमीला लेकींना माहेरी आणायची रीत बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडे मोठी, म्हणून तिकडचा निरोप आषाढातच जायला हवा. गोव्याच्या मंडळींची मोठी खरेदी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी. चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडे गौरी-गणपती आणि मग लग्नसराई. साधा बेंदूर घ्या : कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात, महाराष्ट्राचा आषाढात, आणि घाटावर पुढे गेलं की बैलपोळा श्रावणात. सगळ्यांना एकाच दिवशी शुभेच्छा धाडल्या तर निम्म्यांना वाटतं, या बाईला आपलं गाव कुठलं हेही माहीत नाही. शिवजयंतीचंही तसंच. महाराष्ट्रात सरकारी तारीख १९ फेब्रुवारी, आणि बेळगावची चित्ररथांची मिरवणूक वैशाखात. त्या मिरवणुकीच्या दिवशी ‘आज दुकानात या’ असा निरोप शहरातल्या कुणालाच उपयोगाचा नाही.

तुमच्याकडे व्हॉट्सॲप बिझनेस आहे असं गृहीत धरते. २०१८ साली ते आलं, फुकट आहे, आणि तुमच्या कामाला आज ते पुरतं. त्यात लेबल लावायची सोय आहे. सुरुवातीला जी तयार लेबलं असतात, ‘नवीन ग्राहक’, ‘पैसे बाकी’ वगैरे, ती राहू देत. पण स्वतःची करा : ‘पंचमी’, ‘चवथ’, ‘लग्नघर’, ‘कन्नड’, ‘आवाज’, ‘फौजी’. एकच निरोप एकदम अनेकांना धाडायची जी ब्रॉडकास्ट यादी असते, तीत २५६ जण बसतात, तेव्हा अशा छोट्या याद्याच सोयीच्या. आणि एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते : ज्या बाईनं तुमचा नंबर तिच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, तिला तुमचा ब्रॉडकास्ट पोचतच नाही. तुम्ही म्हणता ना, निरोप पाठवते पण कुणी उत्तर देत नाही? बऱ्याच जणींना तो मिळालेलाच नसेल. म्हणून पार्सलमध्ये एक चिठ्ठी घाला, बिलाच्या वेळी तोंडानंही सांगा : ‘आमचा नंबर या नावानं सेव्ह करून ठेवा, साडीला काही झालं तर हक्कानं फोन करा.’ कारण विक्रीचं सांगू नका, सेवेचं सांगा. तेच खरं असू द्या.

किती निरोप पाठवायचे? महिन्यात दोनच्या वर नाहीत. सकाळच्या फुलांची चित्रं एकही नको. रोज सांगण्यासारखं असेल ते स्टेटसला ठेवा. ज्यांना बघायचं ते बघतात, कुणाच्या डोक्यावर बसल्यासारखं होत नाही. तिथे मागाचा आवाज ऐकू द्या. नवा काठ चढतोय तो दाखवा. इरकलचा पदर अंगाला टोपी-तेनीनं कसा जोडतात ते दाखवा. त्या जोडाकडे बघून बाई इरकल ओळखायला शिकते आणि तुमच्याशी त्यावर बोलायला लागते. मात्र इरकल तुमच्या मागावरची नाही हे स्पष्ट लिहा. ती इळकलची, बागलकोट जिल्ह्यातली, तिला भौगोलिक मानांकन आहे. तुमची ती तुमची म्हणून सांगा, पॉवरलूमची ती पॉवरलूमची म्हणून. आज खोटं चालून जातं, पण कधीतरी एखादी जाणती बाई काठ उलटा करून बघते, आणि तिच्या बचत गटातल्या वीस जणी त्याच दिवशी तुमच्यापासून तुटतात.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती तुमच्याकडून होऊ नये असं मनापासून वाटतं. एका वर्षी लग्नसराईच्या तोंडावर मी ‘घरात लग्न आहे ना? मानपानाच्या साड्यांवर सूट’ असा निरोप शंभरेक घरांना पाठवला. त्यात आमच्या पंधरा वर्षांच्या गिऱ्हाईक वहिनी होत्या. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि महिन्याभरापूर्वी तो अपघातात गेला होता. मला ते कळलेलं होतं. दुकानातल्या एका बाईनं सांगितलं होतं, पण मी कुठं लिहिलं नव्हतं. वहिनींनी उत्तर दिलं नाही. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. त्या काही बोलल्या नाहीत, पाणी दिलं. त्या दिवसापासून माझ्या वहीत आणखी एक रकाना आहे : ‘निरोप नको, अमुक महिन्यापर्यंत’. दुकानात, फोनवर, गल्लीत कुणाच्या घरी दुःख झाल्याचं कानावर आलं की पहिलं काम तो रकाना भरायचं. ब्रॉडकास्ट पाठवण्याआधी तो बघितल्याशिवाय बोट दाबायचं नाही. कुठल्याही सॉफ्टवेअरला हे कळत नाही, ते माणसानं लिहावं लागतं.

‘फौजी’ हे लेबल वर लिहिलं त्याबद्दल. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, आणि आपल्या खेड्यापाड्यांतली किती मुलं सैन्यात. नवरा कुठल्याशा दूरच्या ठाण्यावर, बायको गावात. दिवाळीला त्याला तिच्यासाठी साडी पाठवायची असते. तो संध्याकाळी रेंज मिळेल तेव्हा दहा मिनिटं व्हिडिओ कॉल करतो. इथं पैसे देणारा एक आणि नेसणारी दुसरी. आमच्याकडे अशा वेळी फोनवर बसणारी मुलगी पाच साड्याच काढून ठेवते, पन्नास नाही, कारण त्याच्याकडे वेळ नाही. पार्सल पोचलं की निरोप दोघांना जातो. तिला साडीचा, त्याला पोचल्याचा. तिचा नंबर मात्र त्याला विचारून, आणि कशासाठी हवा ते सांगून घ्यायचा. अशी गिऱ्हाइकं नुसती परत येत नाहीत, सगळी तुकडी घेऊन येतात.

विकल्यानंतरचा पहिला निरोप विक्रीचा नसावा. पार्सल पोचल्यावर आठवड्याभरात एवढंच : ‘पहिली धुलाई वेगळी करा, गार पाण्यात, सावलीत वाळवा. फॉल-पिको करायच्या आधी काठ एकदा बघून घ्या, काही वाटलं तर लगेच सांगा.’ हे व्हॉट्सॲपच्या क्विक रिप्लायमध्ये, म्हणजे तयार उत्तरांत, एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये लिहून ठेवा. मराठी आवाजाचा एक निरोपही करून ठेवा. साडीचा रंग गेला तर तिला स्वतःचीच चूक वाटत नाही, तुमची वाटते. म्हणून आधी सांगायचं.

तक्रारीचं मी जरा जास्त सांगणार, कारण नातं तिथेच जुळतं किंवा तुटतं. आमच्याकडे फोटो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काढले जायचे. मोरपंखी रंग निळा दिसायचा. म्हापशाच्या एका बाईंना साडी गेली, त्यांनी लिहिलं, ‘हा रंग तो नाही.’ फोनवरच्या मुलानं ठरलेलं वाक्य चिकटवलं : ‘स्क्रीननुसार रंगात थोडा फरक दिसू शकतो.’ वाक्य खोटं नव्हतं. पण त्या बाईच्या हातात नको असलेली साडी होती आणि आम्ही तिला तिच्या फोनचा दोष सांगत होतो. ती गेली ती गेलीच. तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. फोटो सकाळी नऊ ते अकरा, दाराजवळच्या उजेडात, एक साडीचा पूर्ण आणि एक पदर हातावर घेऊन. आणि तक्रारीचं उत्तर तीन वाक्यांचं : चुकलं ते मान्य, काय करणार, कधीपर्यंत करणार. ‘ताई, रंग फोटोत वेगळा आला, आमची चूक. साडी परत पाठवा, येण्याजाण्याचा खर्च आमचा. साडी हातात आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरी निघेल किंवा पैसे जमा होतील.’ ई-कॉमर्सवाल्यांना सरकारच्या २०२० च्या नियमांनी तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत सांगितलंय. आपण छोटे आहोत, आपल्याला त्याच दिवशी जमायला हवं. छोटेपणाचा तेवढाच तर फायदा आहे.

कुरिअरनं पार्सल हरवलं तरी तेच. तिचा व्यवहार तुमच्याशी झालाय, कुरिअरशी नाही. आधी तिला दुसरी साडी द्या, मग कुरिअरशी भांडा. आणि जाता जाता : चंदगडला तुम्ही पाठवलेलं पार्सल जीएसटीच्या हिशेबानं आंतरराज्य विक्री आहे, गाव कितीही जवळ असलं तरी. अशा विक्रीला नोंदणीचे नियम वेगळे आहेत, हस्तकलेच्या मालाला काही सवलतीही आहेत. तुमचा माल कशात बसतो ते कर सल्लागाराकडून एकदा नीट समजून घ्या.

गूगलवर दुकानाचं पान आहे का तुमचं? नसेल तर करा. गोव्याहून, कोल्हापूरहून येणारी माणसं आधी तिथे वेळ आणि रस्ता बघतात. दुकान कधी बंद असतं ते खरं लिहा आणि सणासुदीला बदला. लांबून गाडी करून येणाऱ्याला कुलूप दिसलं तर ते माणूस आयुष्यभर लक्षात ठेवतं. अभिप्राय मागा, पण त्याच्या बदल्यात सूट किंवा भेट देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. घरच्यांकडून पाच-पाच तारेही लिहून घेऊ नका. भारतीय मानक ब्यूरोनं २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी वेगळं मानकच काढलंय, आयएस १९००० नावाचं, यावरून हा रोग किती पसरलाय ते कळेल. वाईट अभिप्रायालाही नाव घेऊन, शांतपणे, त्याच भाषेत उत्तर द्या. ते उत्तर त्या बाईसाठी जेवढं, तेवढंच नंतर वाचणाऱ्या शंभर जणींसाठी असतं.

नंबर आणि माहिती सांभाळण्याबद्दल कडक राहा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की माहिती संमतीनं घ्या, ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरा, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं ठेवा. आपल्या भाषेत : ‘नको’ म्हटलं की त्याच क्षणी यादीतून काढा, कारण विचारू नका. तुमची वही दुसऱ्या दुकानदाराला देऊ नका, बहिणीचा ब्यूटी पार्लर असला तरी नाही. गिऱ्हाइकांना विचारल्याशिवाय ग्रुपमध्ये घालू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि एखाद्या अनोळखी माणसाचा तिला रात्री निरोप आला तर त्याला जबाबदार आपण असतो. घाऊक एसएमएस पाठवायचे असतील तर दूरसंचार नियमांप्रमाणे आधी नोंदणी लागते. मला विचाराल तर तुम्हाला त्यांची गरजच नाही.

फोनवर कोण बसतं, यालाही नात्यात मोठी जागा आहे. व्हॉट्सॲप बिझनेस मूळ फोनखेरीज आणखी चार उपकरणांवर चालतं. म्हणून दोघी-तिघी एकाच नंबरवरून उत्तर देऊ शकतात. पण मग सकाळी एकीनं दिलेला शब्द दुपारी दुसरीला माहीत नसतो, आणि गिऱ्हाइकाला तीच गोष्ट दोनदा सांगावी लागते. ज्या दिवशी हे वारंवार व्हायला लागेल, त्या दिवशी सॉफ्टवेअरचा विचार करा. तोवर वहीतल्या ‘शब्द दिलाय’ या ओळीनं भागतं. बंद असण्याच्या वेळचा आपोआप जाणारा निरोपही खरा लिहा. ‘लवकरच संपर्क करू’ असं लिहू नका. ‘दुपारी दोन ते चार बंद असतं, चारनंतर मी स्वतः उत्तर देते,’ असं लिहा आणि चारनंतर द्या.

आता येत्या आठवड्यात काय करायचं. मधल्या ढिगातली तीस नावं काढा, ज्यांनी सहा महिन्यांपूर्वी किंवा त्याआधी घेतलं. रोज पाच फोन, दुपारी तीन ते पाच, घरातली कामं आटोपलेली असतात तेव्हा. फोनवर काही विकू नका. ‘मी वडगावहून बोलतेय, गेल्या दसऱ्याला तुम्ही हिरवी साडी नेली होती. रंग राहिला का? नेसायला कशी वाटली?’ एवढंच विचारा आणि ऐका. कुणी म्हणेल काठ कडक लागला, कुणी म्हणेल कुरिअरवाला उद्धट होता, कुणी म्हणेल साडी नणंदेनं नेली आणि आता तिला दुसरी हवीय. सगळं लिहा. कडक काठाची तक्रार तीन जणींनी केली तर ती मागावर बसणाऱ्याला त्याच संध्याकाळी सांगा, आणि काठ बदलल्यावर त्या तिघींना फोटो पाठवा : ‘तुम्ही सांगितलं होतंत, म्हणून बदललं.’ मग दिवाळीपर्यंत फॉलोअर मोजू नका. वहीत आणखी एक रकाना घालून त्यात फक्त ‘दुसऱ्यांदा आल्या’ एवढीच खूण करत जा. दिवाळीनंतर तो आकडा मला कळवा, मग जाहिरात आठ हजारांची ठेवायची की नाही ते आपण दोघी मिळून ठरवू.